वारं लागलं नव्हतं

आमच्या गल्लीतली एक वहिनी दुसऱ्या बाळंतपणानंतर बोलेनाशी झाली. पोरगी भुकेनं टाहो फोडायची, ही भिंतीकडं बघत बसायची. म्हाताऱ्या म्हणाल्या, "वारं लागलंय." बाबासाहेबांचा फोटो असलेल्या घरातून तिला देवऋषाकडं नेलं. लिंबू उतरलं, कोंबडं कापलं. नवरा रात्रपाळी करून यायचा अन् उंबऱ्यावर डोकं धरून बसायचा. त्याला कुणी काही विचारलं नाही. तिलाही नाही.

मित्रांनो, आपण इतिहास लिहितो तो मोर्च्यांचा, सत्याग्रहांचा. बाळंतिणीच्या बाजेचा इतिहास कुणी लिहायचा?

तो आपल्याच घरातून सुरू होतो. जुलै 1926 मध्ये राजरत्न गेला. गंगाधर, रमेश, इंदू आधीच गेले होते. चार लेकरं मातीआड. ऑगस्टमध्ये बाबासाहेबांनी दत्तोबा पवारांना पत्र लिहिलं. त्यात आपलं मोडलेपण त्यांनी लपवलं नाही. बापाचं दुःख असं कागदावर उतरलं. रमाईच्या तोंडचे शब्द मात्र आपल्यापर्यंत फारसे आले नाहीत.

28 जुलै 1928 ला मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभाचं विधेयक आलं. बाबासाहेबांनी त्याला पाठिंबा दिला. पत्र आणि हे भाषण यांचं नातं आपण ओढूनताणून जोडू नये. पण भाषणातला मुद्दा लक्षात ठेवा. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विसावा मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, म्हणून त्याचा भार सरकारनं सोसावा. अन् बाईच्या श्रमावर जो मालक नफा कमावतो त्यानंही उचलावा. म्हणजे विसावा ही मेहेरबानी नाही, हक्क आहे. 1929 ला मुंबई प्रांतात कायदा झाला.

पण कायदा कारखान्यापुरता. शेतमजुरीण, खडी फोडणारी, लोकांची घाण उपसणारी, सगळ्या बाहेर. म्हणजे बहुतेक आपल्याच. 1961 ला देशभराचा कायदा झाला, 2017 ला रजा 26 आठवड्यांवर गेली. तरी उसाच्या फडात बाळंत होऊन काही दिवसांत मोळी उचलणाऱ्या बाईला कसली रजा?

अन् या सगळ्यात मनाचं नाव नव्हतं. ते शास्त्रानं उशिरा घेतलं. 2002 साली विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी गोव्यातल्या आयांचा अभ्यास छापला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी शंभरातल्या 23 जणींना नैराश्याचा आजार होता. त्यातल्या बहुतेकींचं मन गरोदरपणातच खचलेलं होतं. कारणं कोणती? गरिबी, भूक, नवऱ्याची मारहाण, मुलगी झाली म्हणून टोमणे. यात भूत कुठं आहे?

उपायही सापडला. रावळपिंडीजवळच्या खेड्यांत अतिफ रहमान यांनी गावच्याच आरोग्यसेविकांना शिकवलं. घरी जा, ऐक, घरच्यांना सोबत घे. 2008 साली निकाल छापून आला. सहा महिन्यांनी त्या बायांपैकी शंभरात 23 जणी आजारी राहिल्या. जिथं असं शिक्षण न मिळालेल्या सेविका जात होत्या, तिथं 53. उपचार मनाच्या डॉक्टरांनी केलेच नाहीत, तरी एवढा फरक.

मग आपण काय करायचं? वस्तीत बाई बाळंत झाली की बाळाच्या आधी तिला विचारा: झोप लागते का, रडू येतं का, जीव नकोसा वाटतो का? बापालाही बाजूला घेऊन विचारा. दोन आठवडे तसंच चाललं तर आशाताईला सांगा, दवाखान्यात न्या. स्वतःचं किंवा लेकराचं बरंवाईट करायचं बोलली तर तिला एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. अन् देवऋषाच्या दारात आडवे व्हा.

आमची वहिनी उठली. औषधानं उठली, अन् शेजारची मावशी रोज येऊन बसायची त्यानं उठली. कितीतरी दिवसांनी मावशीला म्हणाली, "मला पोरीचंच भ्या वाटत व्हतं. कुनाला सांगू?"

तिला सांगायला माणूस नव्हतं. ते माणूस आपण व्हायचं.