काच जरा हळू टेकवा!

मंडळी, पाण्याचा काचेचा ग्लास घट्ट धरा आणि पलीकडून बोटांची टोकं बघा. पांढरीफटक! रक्त दाबामुळे बाजूला सरकलं. पकड सैल केली की पुन्हा गुलाबी.

१८७५ साली लाइपझिगमध्ये, कार्ल लुडविग यांच्या प्रयोगशाळेत, फॉन क्रीस यांनी याचंच मोजमाप केलं. बोटाच्या त्वचेवर काचेचा छोटा तुकडा ठेवायचा, त्यावर वजनं वाढवत न्यायची. त्वचा फिकट पडली की वजन भागिले काचेचं क्षेत्रफळ, झाला केशवाहिन्यांतला दाब! सुई नाही, रक्त नाही. पण गोची अशी की 'फिकट' नक्की कधी म्हणायचं? शिवाय वजनाचा काही भाग त्वचेचा ताठपणा मोडण्यातच खर्च होतो, तोही आकड्यात घुसतो.

१८९३ मध्ये हॅम्बुर्गच्या उना यांनी हेच उलटं वापरलं. लाल डागावर काच दाबा. डाग गेला तर रक्त वाहिन्यांच्या आत आहे, राहिला तर बाहेर झिरपलंय. याला डायस्कोपी म्हणतात. मेंदूज्वराच्या संशयात पुरळावर ग्लास दाबून बघतात ती हीच युक्ती. पुरळ मावळलं नाही तर थेट हॉस्पिटल गाठायचं. (मावळलं म्हणून निर्धास्त राहू नये, बरं का. पुरळ उशिरा येतं, कधी येतच नाही.)

१९१२ मध्ये अमेरिकेत वॉरन लोम्बार्ड यांनी त्वचेवर तेलाचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकातून वाहिन्या पाहिल्या, आणि कुठल्या दाबाला कुठली नाहीशी होते ते मोजलं. १९३० मध्ये युजीन लँडिस यांनी तर नखाजवळच्या केशवाहिनीतच बारीक काचेची नळी घातली. धमनीकडच्या टोकाला सरासरी ३२ मिमी पारा, शिरेकडे १२. रक्तदाबाच्या १२०/८० पुढे किती किरकोळ!

आणि म्हणूनच घोळ होतो. डॉक्टर त्वचेवर डर्मोस्कोप टेकवतात तेव्हा एवढा दाब नकळत पडतो आणि बारीक वाहिन्या चित्रातून गायब! त्वचेच्या काही कर्करोगांचं निदान नेमकं त्या वाहिन्यांच्या नक्षीवर होतं. म्हणून मध्ये जेलचा जाड थर ठेवतात, किंवा न टेकवता ध्रुवित प्रकाशाने बघतात. आम्हा कोडवाल्यांच्या भाषेत, डीबगर लावला की बग पळतो, तसलाच प्रकार :)

२०१८ मध्ये मिशिगन स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी मात्र दाब टाळला नाही. फोनच्या मागच्या सेन्सरवर बोट हळूहळू जोराने दाबायचं आणि प्रत्येक दाबाला नाडीची लाट किती मोठी येते त्यावरून रक्तदाब काढायचा. दाब किती द्यायचा ते फोनच पडद्यावर दाखवतो.