सवलतीकडून हक्काकडे : उपचार घेणारं मूल आणि शाळेची हजेरी

आजचा विषय इतिहासाचा आहे, पण तो आपल्या साक्रीतल्या एखाद्या घरात आजही चालू असू शकतो. दहावीतली मुलगी, मनाचा आजार, आठवड्यातून तीन दिवस उपचार. राज्यातली चार प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला. खानदेशात एकही नाही. जवळचं म्हणजे धुळं, तेही पन्नासेक किलोमीटर. जाण्यायेण्यात दिवस जातो. सहापैकी तीन दिवस गैरहजर म्हणजे हजेरी ५० टक्के, आणि नियम ७५चा. मग घरात एकच प्रश्न उरतो : उपचार सोडायचे की वर्ष सोडायचं?

तिसरी वाट आहे. ती कशी तयार झाली, ते आपण पाहू.

सुरुवात डोळ्यांना दिसणाऱ्या अपंगत्वापासून झाली. मुंबईत १९०० साली दादरची अंध मुलांची शाळा निघाली. मोठा काळ हा सगळा दयेचा मामला होता. अमेरिकेत १९७३ साली भेदभावाला मनाई करणारं कलम आलं, पण त्याचे नियम निघेनात. १९७७ साली अपंग माणसांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी इमारतीत तीन आठवड्यांहून जास्त ठाण मांडलं, तेव्हा कुठे ते निघाले. आपल्याकडे १९९५च्या कायद्यातल्या सात प्रकारांत मानसिक आजार होता, पण अपंग म्हटलं की शाळेला आठवे ती कुबडी. १९९६पासून महाराष्ट्रात अध्ययन अक्षमतेच्या मुलांना परीक्षेत सवलती मिळू लागल्या. न दिसणारी अडचणसुद्धा खरी असते, हे शाळेनं मान्य करायला तिथून सुरुवात झाली.

पुढे २००७ साली भारतानं संयुक्त राष्ट्रांचा करार मान्य केला आणि त्यातून २०१६चा दिव्यांग हक्क कायदा आला. सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या प्रत्येक शाळेवर ‘वाजवी सोय’ देण्याचं कर्तव्य त्यानं टाकलं. तरी सगळे ४० टक्क्यांच्या प्रमाणपत्रापाशी अडत. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयानं विकास कुमार प्रकरणात सांगितलं, की वाजवी सोयीसाठी ४० टक्क्यांची अट लावता येणार नाही.

आता कोणी म्हणेल, मग बाकीच्या मुलांवर अन्याय नाही का? अ‍ॅरिस्टॉटलनं हा प्रश्न फार पूर्वी हाताळलाय. विषम स्थितीतल्यांना एकाच मापानं मोजलं, तर तोच अन्याय होतो. पेपर सगळ्यांना एकच. त्या पेपरापर्यंत पोहोचायची वाट मात्र सारखी नसते.

एक मर्यादा लक्षात ठेवू. कायदा दीर्घकालीन आजाराबद्दल बोलतो. आजार थोड्या दिवसांचा असेल, तर वैद्यकीय कारणासाठी हजेरीत सूट मागायची; तो प्रस्ताव मुख्याध्यापकांमार्फत नाशिक विभागीय मंडळाकडे जातो.

अर्ज करताना काय लिहायचं? कोणते वार, किती महिने, आणि नेमकं काय हवं : हजेरीत सूट, चाचणीची दुसरी तारीख, बुडालेल्या धड्यांच्या वह्या. सोबत डॉक्टरांचं पत्र. आजाराचा तपशील मुख्याध्यापकांपुरताच ठेवा अशी विनंती करावी. सगळ्या शिक्षकवृंदाला तो कळायची गरज नाही. आणि अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नये. ‘सतरा नंबरचा फॉर्म भरा’ असा सल्ला मिळेल. ती वाट वाईट नाही, पण तिच्यात मूल वर्गाबाहेर जातं. बरं होत असलेल्या मुलाला औषधाइतकाच वर्गही लागतो. म्हणून आधी वर्गातली जागा मागावी, आणि लेखी मागावी.