घड्याळावर वाहणारी नदी

वाराणसीला राजघाटाच्या मालवीय पुलापाशी गंगेची पातळी रोज मोजली जाते. धोक्याची पातळी ७१.२६ मीटर, आणि १९७८ सालच्या महापुरात पाणी ७३.९० मीटरपर्यंत चढले होते, हे आकडे येथील नावाड्यांना तोंडपाठ असतात. पुराच्या दिवसांत त्यांचे लक्ष आभाळाकडे असते. उन्हाळ्यात मात्र, पलीकडच्या काठावरची वाळू रुंदावू लागली की, त्यांच्या बोलण्यात वेगळेच वाक्य येते : "ऊपर से पानी छोडेंगे तब देखिए." नदीला पाणी येते असे न म्हणता ते सोडले जाते असे म्हणणे, या एका क्रियापदातच गेल्या पावणेदोनशे वर्षांचा प्रशासकीय इतिहास सामावलेला आहे.

हे वाक्य कानावर होते त्याच सुमारास पुण्याहून पुतण्याचा दूरध्वनी आला. तो आणि त्याचे मित्र कोलाडला कुंडलिका नदीवर कयाक चालवायला निघाले होते. कयाक म्हणजे एकट्या माणसाची निमुळती, दुपाती वल्ह्याने चालवायची होडी. ती उलटली तर आत बसल्या बसल्याच कमरेला हिसका देऊन सरळ करावी लागते. मी काळजीने विचारले, "मे महिन्यात कोकणातल्या नदीला पाणी कुठले?" तो हसून म्हणाला, "काका, तिथे सकाळी पाणी सोडतात. त्या वेळेला पोचलो नाही तर नुसते धोंडे!"

काशीचा नावाडी आणि पुण्याचा पुतण्या यांच्या तोंडी एकच क्रियापद आले, म्हणून हा लेख.

कुंडलिका ही सह्याद्रीत उगम पावून कोलाड, रोहा या मार्गाने रेवदंड्याजवळ अरबी समुद्राला मिळणारी लहानशी नदी. पावसाळ्यात उफाळणारी आणि फाल्गुन-चैत्रात हाडे दिसू लागणारी, अशी कोकणातल्या इतर नद्यांसारखीच तिची प्रकृती असायला हवी होती. ती तशी राहिली नाही, याचे कारण घाटमाथ्यावर आहे. मुळा आणि नीला या नद्यांच्या संगमाजवळ मुळशीचे धरण आहे. त्या जलाशयाचे पाणी बोगद्यातून व नळांतून सुमारे ५०० मीटर खाली भिरा येथील वीजघरात पडते, जनित्रे फिरवते आणि बाहेर पडून कुंडलिकेच्या वाटेला लागते. वाटेत सरकारी मालकीच्या ८० मेगावॉटच्या दुसऱ्या वीजघरात त्याच पाण्यापासून पुन्हा वीज काढली जाते. विजेची मागणी दिवसभर सारखी नसते, म्हणून पाणीही सारखे सोडले जात नाही. सोडलेल्या पाण्याची ही लाट सकाळी खाली उतरली की तिच्या पाठीवर बसून रबरी तराफे आणि कयाक सुमारे १२ किलोमीटरचे अंतर काटतात. खळाळत्या पाण्याच्या सहा आंतरराष्ट्रीय श्रेणींपैकी दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीचे हे पाणी आहे : नवख्याला थरार देणारे, पण सहसा जिवावर न बेतणारे. लाट ओसरली की नदी पुन्हा धोंड्यांची होते.

येथे भूगोलाची एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. मुळेचे पाणी निसर्गतः पूर्वेकडे जाणारे आहे. पुण्याला मुठेला मिळून, पुढे भीमा आणि कृष्णा यांच्या संगतीने ते बंगालच्या उपसागराला जायचे. माणसाने ते वळवून पश्चिमेकडे, अरबी समुद्राकडे नेले. म्हणजे माझा पुतण्या कोकणात ज्या लाटेवर स्वार झाला, ती जन्माने देशावरची आहे.

हे वळवणे का झाले? विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या गिरण्या दुरून आणलेल्या कोळशाच्या वाफेवर चालत. सह्याद्रीचा प्रचंड पाऊस आणि उभा कडा यांची सांगड घालून वीज काढावी, ही कल्पना टाटांनी उचलली. १९१५ मध्ये खोपोली, १९२२ मध्ये भिवपुरी आणि १९२७ मध्ये भिरा अशी तीन वीजघरे उभी राहिली. एक घनमीटर पाणी ५०० मीटर खाली पडले तर सव्वा युनिटच्या आसपास वीज मिळते. तेच पाणी देशावर सोडले तर शेत भिजते, वीज जवळजवळ मिळत नाही. अर्थशास्त्राचा कोणीही विद्यार्थी कागदावर हा हिशेब मांडू शकेल, आणि कागदावर तो चुकणारही नाही.

पण धरणाखाली कागद बुडत नाही, गावे बुडतात. मुळशी पेट्यातील पन्नासाहून अधिक गावांवर पाणी येणार होते. जमीन घेण्यासाठी १८९४ चा भूसंपादन कायदा होता आणि त्याच्या सातव्या भागात खाजगी कंपन्यांसाठी जमीन संपादन करण्याची सोय होती. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, मावळ्यांनी बांधकामावर जाऊन सत्याग्रह सुरू केला. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट हे त्याचे प्रमुख नेते. बापटांना 'सेनापती' ही उपाधी याच लढ्याने दिली. गांधीजींनीही त्याच महिन्यात 'यंग इंडिया'तून टाटांना या लोकांचा विचार करण्याविषयी लिहिले होते. लढा रेंगाळला, तुरुंगवास झाले, फूट पडली. १९२४ मध्ये बापटांनी बांधकामाची रेल्वे अडवली आणि सात वर्षांची शिक्षा पत्करली. लढा संपला आणि धरण पूर्ण झाले.

राजेंद्र व्होरा यांनी या लढ्याचा जो अभ्यास केला आहे, त्यातील एक मुद्दा मला प्रशासक म्हणून नेहमी बोचतो. बुडणाऱ्या जमिनींपैकी बऱ्याच कागदोपत्री पुण्याच्या सावकारांच्या होत्या. कसणारा मावळा, आणि खातेदार सावकार. मोबदल्याची रक्कम वाढताच सावकारांचा विरोध मावळला. कायद्याच्या दृष्टीने 'हितसंबंधी व्यक्ती'चे समाधान झाले होते. ज्याचे घर, देऊळ आणि नदीकाठ जाणार होता त्याला मात्र कायद्याच्या तक्त्यात स्वतंत्र रकानाच नव्हता. त्याने हरकत घेतली नाही असे नव्हे, हरकत नोंदवायला जागा नव्हती. पुनर्वसन हा भूसंपादनाच्या कायद्याचाच भाग व्हायला २०१३ चा कायदा यावा लागला. तो १ जानेवारी २०१४ पासून अमलात आला. मुळशीनंतर नव्वद वर्षांनी!

आता काशीकडे वळू. मुळशीच्या पाचच वर्षे आधी गंगेवर असाच प्रसंग आला होता आणि त्याचा शेवट निराळा झाला. हरिद्वारहून निघणारा गंगेचा कालवा १८५४ मध्ये सुरू झाला होता. पुढे भीमगोडा येथे कायमचा बंधारा घालण्याचे ठरले, तेव्हा हर की पौडीला गंगेची अखंड धारा राहणार की कालव्याचे मोजून दिलेले पाणी, असा प्रश्न हिंदू समाजात उभा राहिला. त्याचे नेतृत्व पंडित मदनमोहन मालवीयांनी केले, ज्यांच्या हिंदू विश्वविद्यालयाची पायाभरणी १९१६ च्या फेब्रुवारीत याच काशीत झाली होती. त्याच वर्षी डिसेंबरात हरिद्वारला सरकारशी करार झाला आणि बंधाऱ्यातून किमान १,००० क्युसेक पाणी वर्षभर अडथळ्याविना वाहू दिले जाईल असे ठरले. नदीला स्वतःचे म्हणून काही पाणी असते, हे तत्त्व त्या दिवशी सरकारी दप्तरात उमटले.

शतकानंतर, ९ ऑक्टोबर २०१८ रोजी, केंद्र सरकारने गंगेच्या किमान पर्यावरणीय प्रवाहाची अधिसूचना काढली. तीत भीमगोडा बंधाऱ्याखाली पावसाळ्याबाहेर ३६ घनमीटर प्रति सेकंद हा आकडा आहे. त्याचे क्युसेक केले तर सुमारे १,२७० होतात. मालवीयांच्या हजारापासून आपण शंभर वर्षांत एवढेच पुढे आलो. त्या अधिसूचनेनंतर दोनच दिवसांनी, गंगेच्या अविरल प्रवाहासाठी उपोषणाला बसलेले प्राध्यापक जी. डी. अग्रवाल यांचे निधन झाले. आयआयटी कानपूरला शिकवलेला हा अभियंता आकडे जाणत होता, आणि ते अपुरे आहेत असे त्याचे म्हणणे होते.

मुळशी हरली आणि हरिद्वार काही अंशी जिंकले, असे का? हरिद्वारच्या मागे संस्थानिक होते, देशभरचे भाविक होते, आणि मुख्य म्हणजे मागणी मोजता येण्याजोगी होती : इतके क्युसेक. मुळशीच्या मावळ्याची मागणी 'आम्हाला इथेच राहू द्या' अशी होती. ती कोणत्याही एककात बसत नव्हती. प्रशासन जे मोजता येते तेच देऊ शकते, हे त्याचे सामर्थ्य आहे आणि त्याचा दोषही.

या संदर्भात अमेरिकेतील एक उदाहरण उद्बोधक आहे. टेनेसी राज्यात ओकोई नावाची नदी आहे. तिचे पाणी लाकडी पन्हळीतून वीजघराकडे नेले जाई व मूळ पात्र कोरडे राही. १९७६ मध्ये पन्हळ नादुरुस्त झाल्यामुळे पाणी पात्रात परतले आणि कयाक चालवणाऱ्यांची तेथे रीघ लागली. दुरुस्ती पूर्ण झाली तेव्हा त्यांनी पाणी परत देण्यास विरोध केला. अखेर १९८० च्या दशकात अमेरिकी संसदेने बुडणाऱ्या विजेपोटी ७४ लाख डॉलर मंजूर केले, वर्षातील ११६ दिवस पाणी पात्रात सोडण्याचे ठरले, आणि व्यावसायिक नौकांच्या शुल्कातून ती रक्कम फेडण्याची व्यवस्था झाली. १९९६ च्या ऑलिंपिकमधील खळाळत्या पाण्याच्या शर्यती याच नदीवर झाल्या.

ओकोईवर खेळाचे पाणी म्हणजे गमावलेली वीज, म्हणून त्याची किंमत ठरवावी लागली. कुंडलिकेवर पाणी आधी वीज देऊन मगच खेळायला येते, म्हणून ते फुकट वाटते. ते फुकट नाही. त्याची किंमत शंभर वर्षांपूर्वी मुळशीत दिली गेली, आणि आजही ती भीमेचे खोरे देत आहे. कृष्णा पाणी तंटा लवादाने १९७६ मध्ये टाटांच्या धरणांतून पश्चिमेकडे वळवायच्या पाण्यावर मर्यादा घातली : एका वर्षात ५४.५ टीएमसी आणि सलग पाच वर्षांत मिळून २१२ टीएमसीहून अधिक नाही. सोलापूरकडे दुष्काळ पडला की हे पाणी पूर्वेला सोडा, अशी मागणी होते. ती मान्य झाली तर कोलाडची सकाळची लाट ओसरेल आणि तेथील स्थानिक तरुणांचा रोजगारही जाईल. म्हणजे एका अन्यायाच्या पाठीवर उभे राहिलेले लाभार्थीही आता गरीबच आहेत. इतिहासाने घातलेली अशी गाठ तलवारीने तोडता येत नाही, बसून सोडवावी लागते. त्या बैठकीत या वेळी कसणारा, राहणारा आणि वल्हे मारणारा, या तिघांनाही जागा हवी.

पुतण्या सुखरूप परतला, दोनदा उलटून सरळ झाल्याचे त्याने अभिमानाने सांगितले. मी त्याला म्हटले, "पुढच्या खेपेला एक दिवस आधी नीघ. ताम्हिणी घाटाच्या अलीकडे मुळशीच्या काठावर थांब. ज्या पाण्यावर उद्या बसणार, ते आज बघून घे." तो "बरं" म्हणाला. राजघाटावरच्या नावाड्याला मात्र हे सांगावे लागत नाही. पाणी खाली येताना दिसले की तो आपोआप वरच्या दिशेला पाहतो.