दुसऱ्या भाषेचे ओझे : वेल्स ते हैदराबाद

मूल शाळेत जाऊ लागले की पालकांना एक सल्ला हमखास मिळतो. घरीही इंग्रजीच बोला, मुलाच्या डोक्यात दोन भाषांचा गोंधळ नको. हा सल्ला मानून घरातली मराठी थांबवलेली कुटुंबे आपल्या ओळखीत आहेत. समजूत नवी नाही आणि आपल्या देशातलीही नाही. तिचे मूळ शोधायला ब्रिटनमधील वेल्स प्रांतात जावे लागते.

तेथील शाळांची पाहणी करून 1847 साली सरकारी आयुक्तांनी अहवाल दिला आणि वेल्श भाषा ही लोकांच्या प्रगतीतली धोंड ठरवली. पुढे 1923 मध्ये डी. जे. सेअर या संशोधकाने सुमारे 1400 वेल्श मुलांच्या बुद्धिमापन चाचण्या घेतल्या. खेड्यांतली द्वैभाषिक मुले एकभाषिक मुलांच्या मागे पडली. शहरातल्या मुलांत मात्र तसा फरक दिसला नाही. भाषाच दोषी असती, तर ती शहरातही दोषी ठरायला हवी होती! पण पहिला निष्कर्ष जगभर गेला आणि दुसरा मागे राहिला.

चाळीस वर्षांनी कॅनडातल्या माँट्रियलमध्ये एलिझाबेथ पील आणि वॉलेस लँबर्ट यांनी तुलना नीट बांधून घेतली. दहा वर्षांची मुले, सारखी आर्थिक स्थिती, आणि दोन भाषा येतात म्हणजे खरोखर येतात याची आधी खात्री. 1962 च्या त्यांच्या निबंधात द्वैभाषिक मुले पुढे निघाली. मूल कोणाशी ताडून पाहायचे हे बदलताच निकाल उलटला, ही गोष्ट लक्षात ठेवावी. पुढच्या साऱ्या वादाची किल्ली तीच आहे.

म्हातारपणाकडे संशोधकांचे लक्ष त्यानंतर बऱ्याच काळाने गेले. टोरांटोच्या एलन बियालिस्टॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2007 मध्ये स्मृतिभ्रंशाचे 184 रुग्ण तपासले. दोन भाषांत वावरलेल्यांना लक्षणे सुमारे चार वर्षे उशिरा जाणवली होती. यावर आक्षेप आला तो रास्तच होता. त्यांतले पुष्कळ द्वैभाषिक परदेशातून आलेले. घरदार सोडून दूर देशी जाऊन बस्तान बसवणारा माणूस मुळातच धडधाकट असू शकतो, मग श्रेय भाषेचे की प्रकृतीचे?

या प्रश्नाला उत्तर द्यायला असे गाव हवे होते, जिथे दुसरी भाषा येण्यासाठी देश सोडावा लागत नाही. ते गाव हैदराबाद. निजामाच्या राज्यात तेलुगू, मराठी, कानडी बोलणारी प्रजा आणि उर्दूचा दरबार. इथला भाजीवालाही दिवसभरात दोन-तीन भाषा वापरतो आणि त्यात काही विशेष केले असे त्याला वाटत नाही. निजाम्स इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेसमधील डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या 648 रुग्णांच्या नोंदी अभ्यासल्या. त्यांतले 391 द्वैभाषिक होते. ‘न्यूरॉलॉजी’ या नियतकालिकात 2013 साली निष्कर्ष आले. द्वैभाषिकांत आजाराची सुरुवात सरासरी साडेचार वर्षे उशिरा झाली होती. शिक्षण, व्यवसाय, शहर-खेडे हे सारे हिशेबात धरूनही अंतर टिकले. जे कधी शाळेची पायरी चढले नाहीत, त्यांच्यात तर ते सहा वर्षांचे भरले.

हा शेवटचा आकडा मला फार मोलाचा वाटतो. तोवर म्हणता येत होते की बहुभाषिक माणूस शिकलेला असतो आणि शिक्षणच मेंदूला तारते. अक्षरओळख नसलेल्या, बाजारात आणि शेजारी बोलून दुसरी भाषा उचललेल्या माणसांनी ते म्हणणे तोकडे पाडले. आपल्या कितीतरी आज्यांनी तेलुगू किंवा दख्खनी अशीच तर उचलली, वही-पेन्सिलीवाचून. मात्र दोनांवर तिसरी, चौथी भाषा आल्याने आणखी लाभ झालेला या अभ्यासात आढळला नाही, हेही सांगितले पाहिजे.

असे का होत असावे? दोन भाषा जाणणारा एक बोलत असतो तेव्हा दुसरी मेंदूत जागीच असते. तिला आवरून धरायचे आणि माणूस बदलला की मोकळे सोडायचे, ही कसरत आयुष्यभर चालते. तिच्यातून मेंदूला काही राखीव बळ मिळते, असा अभ्यासकांचा तर्क आहे. आजार त्यामुळे थांबत नाही. टोरांटोतच 2012 मध्ये 40 अल्झायमर रुग्णांच्या मेंदूची चित्रे पाहिली गेली, तेव्हा सारख्याच आकलनशक्तीच्या रुग्णांत द्वैभाषिकांचा मेंदू अधिक झिजलेला दिसला. झीज जास्त होऊनही त्यांचे व्यवहार चालू होते.

वाद मिटलेला नाही. न्यूयॉर्कमध्ये स्पॅनिश भाषक वृद्धांवर वर्षानुवर्षे लक्ष ठेवणाऱ्या, 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असा विलंब आढळला नाही. अनुकूल निष्कर्ष अधिक सहज छापले जातात, असेही दुसऱ्या वर्षी काही संशोधकांनी दाखवून दिले. तेव्हा स्मृतिभ्रंशावरचे औषध म्हणून कोणी मराठी विकू लागले, तर ती घेऊ नये. पण दुसऱ्या भाषेने पोराचे डोके बिघडते या जुन्या समजुतीला आधार काय, एवढे सल्ला देणाऱ्याला विचारायला हरकत नाही. तो वेल्समधल्या खेड्यांचा आधार देऊ लागला, तर त्याला तिथली शहरेही दाखवावीत.