कोयनेचा भूकंप आणि भूभौतिकीची विद्वत्सभा

दख्खनचे पठार भूकंपाच्या दृष्टीने स्थिर आहे, अशी धारणा १९६७ पर्यंत शास्त्रज्ञांत रूढ होती. त्या वर्षी ११ डिसेंबरच्या पहाटे कोयनानगर उद्ध्वस्त झाले, सुमारे दोनशे माणसे दगावली. हादरा कोल्हापुरासही जाणवला. शिवाजीसागर १९६२ पासून भरू लागल्यानंतर लहान धक्के वाढले होते. तेव्हा वीज देणारे पाणीच यास कारण झाले काय, हा प्रश्न उपस्थित झाला. हैदराबादच्या इंडियन जिओफिजिकल युनियनमध्येही तो चर्चिला गेला. खडकात पूर्वीच साठलेला ताण जलाशयाने केवळ मोकळा केला, हे मत पुढे बहुमान्य झाले. भूकंपाची प्रक्रिया उगमापाशीच अभ्यासता यावी म्हणून कोयना परिसरात तीन किलोमीटर खोल विवर २०१७ मध्ये खोदून झाले. एक धारणा मोडावयास मात्र एक गाव खर्ची पडले.