व्यवसाय-व्यवस्थापनाचे विद्यापीठीय शिक्षण आणि कुळगावचा परिसर

पेढीवरची विद्या पेढीवरच मिळावयाची, हा आपल्याकडील जुना समज होय. दिवाणजीच्या हाताखाली उमेदवारी करावी, मोडी अक्षर वळवावे, रोजकीर्द व खतावणी लिहिण्यास शिकावे, आणि माणूस व माल पारखण्याची नजर सहवासाने कमवावी, असा तो क्रम होता. १९१३ मध्ये मुंबईस सिडनहॅम कॉलेज स्थापन झाले, तेव्हा या क्रमाशेजारी विद्यापीठीय अध्ययनाचा दुसरा मार्ग उभा राहिला.

या नव्या मार्गाचे सामर्थ्य कशात होते, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उदाहरणावरून कळते. १९१८ ते १९२० या काळात ते सिडनहॅममध्ये अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. पुढे १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. बाजारात रोज हाताळल्या जाणाऱ्या नाण्यामागील कार्यकारणभाव उलगडून दाखविणे हे पेढीच्या आवाक्याबाहेरचे कार्य होते, आणि तेच विद्यापीठाचे कार्य होते.

व्यवस्थापन हा स्वतंत्र विषय म्हणून मुंबई विद्यापीठात १९६५ मध्ये स्थिरावला. त्या वर्षी अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सहकार्याने जमनालाल बजाज व्यवस्थापन संस्था चर्चगेट येथे सुरू झाली. त्याच वर्षी उल्हासनगरात चांदीबाई महाविद्यालयाची स्थापना झाली. एका बाजूस परदेशी शास्त्राचा आधार लाभलेली संस्था, तर दुसऱ्या बाजूस निर्वासितांच्या वसाहतीत उभे राहिलेले महाविद्यालय. या दोहोंतील अंतर केवळ मैलांचे नव्हते.

कुळगाव हे या अंतराच्या दूरच्या टोकास आहे. तेथील रेल्वेस्थानकास बदलापूर हे नाव असून मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस तेथून सुमारे ६८ किलोमीटर आहे. शिक्षणासाठी मुंबईस निघालेल्या येथील विद्यार्थ्याच्या वाटेत प्रथम अंबरनाथ लागते. तेथे विमको कंपनीच्या आगपेट्यांच्या कारखान्याने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच यंत्रोद्योगाचा पाया घातला होता. त्यानंतर उल्हासनगर. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीच्या जागी सिंधमधून आलेल्या निर्वासितांनी वसविलेल्या या नगरास १९४९ मध्ये हे नाव मिळाले. येथील अनेकांनी आपला व्यापार पदवीच्या बळावर नव्हे, तर उधारी, नातेसंबंध आणि शब्दावरील विश्वास यांच्या बळावर नव्याने उभारला. हजारोंच्या श्रमाची विभागणी कशी होते आणि भांडवल नसताना पत कशी निर्माण होते, हे दोन्ही प्रश्न अशा रीतीने विद्यार्थ्याच्या वाटेवरच पडलेले आहेत.

तथापि ते त्यास दिसतातच असे नाही. याचे एक कारण भाषेत आहे. ग्रंथातील ‘इन्व्हेंटरी’ आणि कोठीवरच्या माणसाचा ‘शिल्लक माल’ यांची मनात गाठ पडली नाही, तर पहिला शब्द परीक्षेपुरता उरतो आणि दुसरा अडाणी ठरतो. वस्तुतः या विचारास मराठीत परंपरा नाही असे मुळीच नव्हे. शिवकालीन राज्यव्यवस्थेत ‘कारखाना’ म्हणजे राज्याच्या साहित्याचा एकेक विभाग. गडावरील धान्यसाठ्याचा व सामग्रीचा हिशेब ‘कारखानीस’ ठेवीत असे. साठा, जबाबदारी आणि तपासणी या कल्पना या शब्दांत आधीच अंतर्भूत होत्या.

म्हणून विद्यापीठीय व्यवस्थापन-शिक्षणाचे पूर्ण फळ कोणास मिळते, याचे उत्तर या इतिहासातच सापडते. केवळ पेढीवर शिकलेल्यास आपल्या यशाचे कारण सांगता येत नाही, आणि केवळ ग्रंथावर शिकलेल्यास ते कारण कारखान्यातील माणसास समजेल अशा शब्दांत मांडता येत नाही. जो विद्यार्थी वर्गातील सिद्धान्त अंबरनाथच्या कामगाराच्या आणि उल्हासनगरच्या व्यापाऱ्याच्या अनुभवावर पारखून घेतो, व तो अनुभव त्यांच्याच शब्दांसह वर्गात परत आणतो, त्याचे अध्ययन सार्थ होते. असे विद्यार्थी विरळा राहिले, तर व्यवस्थापनशास्त्र या भूमीत शिकविले जाईल खरे. परंतु ते येथे रुजले, असे म्हणता येणार नाही.