मेंढी, उंदीर आणि वार

आपल्या भाषेत नाळेला भलताच मान आहे. मातीशी नाळ काय, नाळ तुटली काय! वारेला मात्र कुणी विचारत नाही. खरं म्हणजे नाळ ही नुसती नळी. आईच्या रक्तातला प्राणवायू आणि अन्न बाळाच्या रक्तात पोचवायचं काम वारेचं. ती कमी पडली की बाळ पोटातच खुरटतं.

मी पडलो इंजिनियर. इथे पीएच.डी. करताना अल्ट्रासाउंडच्या डॉप्लर लहरींशी झटापट चालायची. तेव्हा हा आलेख वाचायला डॉक्टर शिकले तरी कुठून, म्हणून शोधायला लागलो आणि थेट मेंढ्यांच्या गोठ्यात पोचलो!

पंचाईत अशी, की गरोदर बाईच्या वारेवर प्रयोग करता येत नाहीत. मग जनावरं आली. १९६४ साली विगल्सवर्थ यांनी गाभण उंदरीच्या गर्भाशयाची एका बाजूची रक्तवाहिनी बांधली. उंदरीच्या गर्भाशयाला दोन शिंगं असतात, त्यामुळे तुलनेला दुसरी बाजू त्याच आईत तयार! बांधलेल्या बाजूची जी पिल्लं जगली ती खुरटली, पण मेंदूपेक्षा यकृत जास्त. टंचाईत गर्भ मेंदूला आधी वाढतो, इतरांना मागून.

त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात अलेक्झांडर यांनी मेंढी घेतली. मेंढीची वार एकसंध नसते, गर्भाशयावरच्या गुंड्यांसारख्या उंचवट्यांना ती जागोजागी चिकटते. त्यातल्या बऱ्याचशा गुंड्या गर्भधारणेआधीच काढून टाकल्या की वार लहान, आणि कोकरूही लहान.

आता आमचा डॉप्लर. १९७७ मध्ये डब्लिनच्या फिट्झजेराल्ड आणि ड्रम यांनी नाळेतल्या रक्तप्रवाहाच्या डॉप्लर लहरी टिपल्या. पण लहर बदलली म्हणजे वारेत नेमकं काय बिघडलं? १९८७ मध्ये सिडनीच्या ट्रडिंजर यांच्या गटाने मेंढीच्या गर्भाकडून वारेकडे जाणाऱ्या रक्तात सूक्ष्म मणी सोडून वारेतल्या बारीक वाहिन्या बुजवल्या. अडथळा वाढला, तशी लहरही बदलली. आज दोन ठोक्यांच्या मधला प्रवाह थांबलेला किंवा उलटा दिसला की डॉक्टर बाळ बाहेर काढायचा विचार करतात, त्यामागे या मेंढ्या आहेत.

इथवर सगळं छान. पण जनावरं नेहमी एकच उत्तर देत नाहीत. सिल्डेनाफिल, म्हणजे आपली व्हायाग्रा, रक्तवाहिन्या सैल करते. मग वारेचा रक्तपुरवठा का नाही वाढणार? २००९ मध्ये मेलबर्नच्या मेंढ्यांत उलटंच दिसलं: गर्भाशयाचा रक्तप्रवाह घटला, गर्भाचा रक्तदाबही उतरला. २०१२ मध्ये एक जनुक काढून टाकलेल्या उंदरांत मात्र पिल्लांची वाढ सुधारली. माणसांवरच्या चाचण्या झाल्या. फायदा दिसला नाही, आणि नवजात बाळांच्या फुप्फुसांना अपाय होत असल्याची शंका आल्यामुळे नेदरलँड्समधली चाचणी २०१८ मध्ये मध्येच थांबवावी लागली.

मग मेंढीचंच ऐकायला हवं होतं का? इतकं सोपं नाही. रचनेने पाहिलं तर उंदराची वार मेंढीपेक्षा माणसाच्या वारेला जवळची. उलट मेंढीला एक-दोनच कोकरं होतात, गर्भकाळ सुमारे १४७ दिवसांचा, आणि गर्भ एवढा मोठा की त्याच्या रक्तवाहिनीत नळी घालून मोजमाप घेता येतं. शिवाय फुप्फुसांच्या धोक्याबद्दल मेंढीही काही बोलली नव्हती.

आणि बाळ लहान का, याचं कारण तरी एक कुठे आहे? पुण्याच्या के.ई.एम.मधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या आयांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचं सरासरी वजन सुमारे २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५. पण आपली बाळं हडकुळी असूनही अंगावर चरबी राखून होती! इथे प्रश्न आईच्या ताटाचा, तिच्या स्वतःच्या वाढीचाही आहे. रक्तवाहिनी बांधलेली उंदरी त्याचं उत्तर कसं देणार?

तेव्हा मंडळी, 'उंदरांवरचा प्रयोग यशस्वी' अशी बातमी वाचलीत, तर एवढंच विचारा: त्या उंदरात नेमकं काय बिघडवलं होतं, आणि आपल्याकडे तेच बिघडलंय का?